मॉलमधल्या बाकावर

मेन रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे. शहराच्या मध्यात मॉल झाला आणि आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली, तेव्हापासून ती इमारत माझ्या डोळ्यांत सलते. त्यांच्याकडे असं आहे तरी काय, ते बघायला एका दुपारी मी मुद्दाम गेलो. माल आमच्यापेक्षा हलका आणि महाग होता. मला बरं वाटलं.

मग मी टेकलो त्या बाकावर एक बाई बसली होती. फुलं विकून आली असावी. पायांशी रिकामी पाटी होती आणि बोटं झेंडूनं पिवळी झाली होती. चपला काढून तिने बाकाखाली नीट जोडून ठेवल्या होत्या, घरी ठेवाव्यात तशा.

"काय घेतलं?" मी विचारलं.

"काय नाय. बाजार उरकला की रोज घडीभर बसते. गार हाय, अन् कोणी ऊठ म्हणत नाय."

"मेन रोडला नाही जात?"

"जायची की. एकदा ऊन लागलं म्हणून साडीच्या दुकानात पंख्याखाली उभी राहिले, तर मालक म्हणला, घ्यायचं नसंल तर वाट सोडा." ती हसली. "त्याचंबी बरोबर हाय. धंद्याचा टाइम व्हता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने मला ओळखलं नाही. मलाही तिचा चेहरा आठवेना. पण असं मी दिवसातून कितीदा तरी म्हणतो.

मॉलमधल्या गर्दीचा हेवा मला वाटायचाच. पण काहीही विकत न घेणारी ही बाईसुद्धा त्यांच्याकडे जाऊन बसते, हे मला त्या दिवशी जास्त लागलं.