वणीची लाल गाडी आणि मिलिंद

आमच्या घरात कोणी जुनी गाडी घ्यायचं नुसतं मनात आणलं तरी पहिला फोन मिलिंदला जायचा. त्या दिवशीही लावला. मुलीसाठी नागपूरला एक गाडी पाहिली होती. तिचं वर्णन करायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या, एवढंच काम होतं. फोन सुनंदावहिनींनी उचलला. "भाऊजी, ते सकाळीच गेले जी... मी तुम्हालेच लावून राह्यली होती." छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही, रागच आला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची कुरकुर कान लावून ऐकणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीची कुरकुर कोणालाच सांगू नये, याचा राग.

यवतमाळच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तो विम्याचा सर्व्हेअर झाला. अपघातातल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसान ठरवायचं हे त्याचं काम, आणि वणी-राजूरकडे कोळशाचे ट्रक धावतात तोवर त्या कामाला तोटा नव्हता. चेपलेले पत्रे पाहून पाहून त्याची नजरच तशी झाली होती. लग्नाला गेला तरी हा आधी नवरदेवाच्या गाडीचे टायर पाहतो, ही वहिनींची कायमची तक्रार. स्वतः मात्र शेवटपर्यंत स्कूटरवर. "पसंतच नाही पडत बाप्पा एकही," म्हणायचा. आणि गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला सांगायचा, "विकणाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नको. तोंड धुता येते."

त्याची आठवण म्हटली की मला ती लाल गाडीच दिसते. कापसाचे वाईट दिवस होते. आर्णीतल्या माझ्या बियाण्याच्या दुकानात माणसं येत, बाकावर बसत आणि काही न घेता उठून जात. अशातच वणीजवळचं आमचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं. ते शेत माझा धाकटा भाऊ नितीन कसत होता. ऐन पंचविशीत त्याच्याकडे रिकामा वेळ आणि भरलेला खिसा एकदमच आला, आणि त्याला स्पोर्ट्स कार हवी झाली. मी रागावलो तर म्हणाला, "दादा, कापूस पिकवून कोनाचं भलं झालं? मले एकदा तरी जोरात जाऊ दे."  

गाडी होती वणीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, आणि त्यांना नाही म्हणणारा माणूस त्या गावात सापडत नसे. मुलासाठी त्यांनी ती मुंबईच्या दलालाकडून घेतली होती. आता मुलाचं लग्न ठरलं होतं म्हणून विकून मोठी घ्यायची होती. नितीन परस्पर शब्द देऊन आला होता. मी मिलिंदच्या हातापाया पडून त्याला सोबत नेलं.

ट्रकच्या आवारात गाडी उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लालभडक. आम्ही पोचण्याआधीच तिची पूजा उरकली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, झेंडूचा हा एवढा मोठा हार, आणि अण्णासाहेबांच्या हातात नारळ. "मुहूर्त हाय, फोडून घेऊ," ते म्हणाले. आमच्याकडे एकदा नारळ फुटला की सौदा पक्का. त्यानंतर खोट काढणं म्हणजे माणसाची अब्रू काढणं. आणि पूजा झालेल्या गाडीचं बॉनेट उघडा असं म्हणायचं तरी कसं? बोहल्यावर उभ्या नवरीचे दात मोजायला मागावे, तसलं ते.

मिलिंदने स्वस्तिकाच्या बाजूला तळहात ठेवला. "गरम आहे जी. आताच चालवून ठेवली. तासभर थांबू. थंडं इंजिन खरं बोलते."

तासभर आम्ही चहा पीत बसलो. अण्णासाहेबांची चार-पाच माणसं भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती. नितीन धुसफुसत होता, "काहून अडवून राह्यला मिलिंददादा?" मग मिलिंद उठला आणि म्हणाला, "हार काढा जरा." कोणीच हललं नाही. "पूजेचा हार हाय तो, हात नका लावू," अण्णासाहेब म्हणाले. त्या माणसांतल्या एकाला मिलिंदचं आडनाव ठाऊक असावं. तो पुढे सरकला. "तू तं बिलकुलच नको लावू."

 मिलिंद हसला. "बरोबर हाय भाऊ. तुम्ही काढला तं तुम्हाले पाप लागन. मले लावाले कोनी राह्यलंच नाही, आमच्या घरचे देव छप्पन सालीच दीक्षेसंगं गेले." एवढं बोलून त्याने एक फूलही न पाडता दोन्ही हातांनी हार उतरवला आणि नितीनच्या गळ्यात घातला. तो माणूस अण्णासाहेबांकडे पाहत राहिला. अण्णासाहेबांच्या कपाळाची शीर मला लांबून दिसत होती.

बॉनेट उघडलं. एका चावीत गाडी सुरू झाली. धूर नाही, ठोका नाही, तेल स्वच्छ. "इंजिन एक नंबर आहे," मिलिंदच म्हणाला, आणि नितीनचा चेहरा त्या हारापेक्षा फुलला. अण्णासाहेबांनी नारळ उचलला.

"थांबा," मिलिंद म्हणाला. त्याने लिंबं बाजूला केली आणि नितीनला गाडी आवारातून सावकाश, अगदी सरळ न्यायला सांगितली. आवारभर कोळशाची काळी धूळ होती. चाकं सरळ गेली की मागची पुढच्यांच्याच मागावरून जातात. इथे मागची चाकं एका अंगाला चार बोटं सरकून चालली होती. गाडीचा मागचा भाग वेगळ्याच गावाला निघाला होता म्हणा ना. मिलिंद त्या मागांशेजारी उकिडवा बसला. मग जॅकवर गाडी उचलून, टॉर्च घेऊन तसाच काळ्या जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली गेला. बाहेर आल्यावर त्याने सीटमागचं कार्पेट उचललं, चावीने खालचा काळा लेप खरवडला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दोन गाड्या आहेत लेका. पुढची एकीची, मागची दुसरीची. मधात वेल्डिंग. वरून कीर्तन, आतून तमाशा."

मी म्हटलं, आईला पसंत नाही असं सांगू आणि निघू. त्याने मान हलवली. "आपन निघू, अन् उद्या हे दुसऱ्याच्या गळ्यात?" मग मोठ्याने विचारलं, "अण्णासाहेब, ही गाडी घरी कोन चालवते?"

"पोरगा. रोज चंद्रपूरले जाते."

"इकडं या जी. खाली बसा."

अण्णासाहेबांना खाली बस म्हणणारा माणूस त्या आवारात कधी आला नसेल. भिंतीची माणसं सरळ उभी राहिली. आता काय होतं आणि काय नाही... मिलिंद टॉर्च धरून उभाच होता. शेवटी ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी त्या धुळीत गुडघ्यावर बसले. त्यांचा जन्म ट्रकांत गेलेला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या जोडावरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"हे कधी तुटलं असतं?"

"ते नाही सांगता येत. अजून तुटलं नाही, एवढंच."

नारळ त्यांनी तिथेच खाली ठेवला आणि गॅस कटरवाल्याला हाक मारली. आरडाओरडा ऐकून मुलगा घरातून धावत आला, "बाबा, माही गाडी कायले कापून राह्यले?"  त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि कापणं संपेपर्यंत सोडलं नाही. कटर अर्ध्यावरही पोचला नव्हता, तोच उरलेला जोड नुसत्या वजनाने कडाडून सुटला आणि गाडी मधोमध वाकून जमिनीवर बसली. नितीन गळ्यात हार घालून बघत होता.  परतताना मिलिंद वाटभर शर्टाच्या चिंतेत, "सुनंदा मले घरात घेत नाही आता."

गेल्या आठवड्यात मिलिंदच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मेणबत्त्या, पांढरी चादर, त्याचा कधी नव्हे तो इस्त्रीच्या शर्टातला फोटो. मला बोलायला सांगितलं होतं, मला जमलं नाही. दिवेलागणीला नितीन आणि मी बाहेर पडलो तर गल्लीत एका गाडीशी, कार्यक्रमालाच आलेला, टक्कल पडलेला एक गृहस्थ उकिडवा बसून खाली वाकून पाहत होता. त्याची बायको आणि दोन मुलं दार उघडायची वाट बघत उभी. "ह्यांचं हे रोजचंच आहे," बायको मला म्हणाली. त्याने मान वर केली तेव्हा मी ओळखलं. अण्णासाहेबांचा मुलगा. नितीनने माझ्याआधीच ओळखलं होतं. तो पुढे गेला, त्याच्या शेजारी बसला आणि मोबाइलचा उजेड गाडीखाली धरला.