दोष डब्यात की कानात

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला माणूस. हे मी जिथेतिथे सांगतो, आणि कुणाला ते मिरवणं वाटलं तर वाटू दे. ज्यांच्या घरात आधीच दोनचार पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना नम्र होणं परवडतं. सुरतेत, उधन्याच्या आमच्या चाळीत, माझा बीएस्सीचा निकाल लागला तेव्हापासून बंद पडलेली प्रत्येक वस्तू आमच्या दारात येऊ लागली. रेडिओ, मिक्सर, टेबलफॅन, एकदा तर शिवणयंत्र. माझा विषय फिजिक्स आहे, रिपेरिंग नाही, असं मी सुरुवातीला सांगून बघितलं. मग सोडून दिलं. शिकलेल्या माणसाला बिघाड सापडायला हवा, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. आज वाटतं, ते काही अगदीच चूक नव्हते.

पण हे लिहायला बसलो ते दादाच्या डब्यासाठी.

दादा माझा थोरला भाऊ. आठवीतून शाळा सोडून तो खात्यावर लागला. खातं म्हणजे लूमची शेड. मी कॉलेजात जाऊ शकलो कारण तो खात्यात उभा होता, यात मला लपवण्यासारखं काही नाही. खात्यातल्याच एका ओडिया कारागिराकडून तो गिटार शिकला, सुट्टीच्या दिवशी, पुस्तक-बिस्तक काही न घेता. पुढे एका सुरती मालकाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. लग्नं, वरघोडे म्हणजे वराती, आणि नवरात्रात गरबा.

डबा त्या मालकाच्याच ओळखीतून आला. आखातातून परत आलेल्या कुणाचा तरी वापरलेला. खरं नाव मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर, पण आमच्या घरात तो डबाच. गिटारची वायर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने आवाज मिक्सरकडे जायचा, आणि मधल्या मधे तो डबा त्या आवाजाचं काय हवं ते करायचा. तोच सूर विहिरीतून आल्यासारखा, तोच सनईसारखा, तोच दहा जणांनी मिळून छेडल्यासारखा. वर लाल आकडे उमटायचे. त्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी दादाला वाचून दाखवलं. तो ऐकायचा, बटणं दाबून बघायचा आणि आकडे पाठ करायचा. कुठल्या गरब्याला कुठला आकडा, हे त्याने स्वतःच्या मनाने बसवलं होतं. पायाने पेडल दाबून तो आकडा बदलायचा तेव्हा मान जराशी वाकडी करायचा. खात्यात धाग्याकडे बघताना करायचा तशीच.

त्या वर्षी मालकाने त्याला सांगितलं होतं की हा सीझन नीट गेला तर वर्षभराची पक्की जागा देतो. दादाला ती जागा हवी होती, आणि कारण गिटार एवढंच नव्हतं. खात्यात माणसं एकमेकांशी हाताने आणि ओठाने बोलतात, कारण आवाज पोचतच नाही. तिथे वर्षं काढलेल्या नवऱ्याला कुठल्या बाजूने हाक मारायची, हे आमच्या चाळीतल्या बायकांना पाठ असायचं. दादा घरी रेडिओ मोठा लावू लागला होता. माय ओरडायची आणि तो हसायचा. एकदा मात्र तो मला म्हणाला की खातं सोडायला हवं.

नवमीच्या गरब्यात डबा बिघडला. मी मैदानात मागे उभा होतो. दादाने सनईचा आकडा लावला आणि सुराबरोबर कागद चुरगळावा तशी एक बारीक चर्रर सुरू झाली. स्पीकरमधून ती सगळीकडे पसरत होती. नाचणारे थांबले नाहीत, पण मालकाने मान वळवून बघितलं. दादा वाजवत राहिला, अगदी खुशीत. त्याला काही कळलंच नव्हतं.

गरबा संपल्यावर मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "अल्या, आ शुं चाले छे? तने संभळातुं नथी?" ऐकू येत नाही का तुला, असं.

दादा म्हणाला, वायर असेल. दुसऱ्या दिवशी मालकाच्या घरी, दुसऱ्या वायरने, तीच चर्रर. साउंडवाला म्हणाला की डिजिटल वस्तू अशीच असते, गेली म्हणजे गेली, फेकून द्या. मालक त्याच्याएवढा सरळ नव्हता. तो दादाला म्हणाला, "पेटी गई के तारा कान गया, ए पहेलां नक्की कर." चंदनी पडव्याच्या कार्यक्रमापर्यंत त्याने मुदत दिली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सगळी सुरत घारी ही तुपातली मिठाई आणि भुसू हे फरसाण घेऊन चांदण्यात जेवायला बसते. एका सोसायटीने त्या दिवशी ऑर्केस्ट्रा ठरवला होता. तिथे पुन्हा चर्रर झाली तर मालक दुसरा मुलगा बघणार होता.

दादाने घरी येऊन हे सांगितलं ते दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. मग डबा माझ्यापुढे ठेवला.

"लहान्या, तू बघ. डब्यात नसेल तर तसं सांग."

डब्यात नसेल तर कशात, हे त्याने म्हटलं नाही.

त्या दिवशी खात्याची आठवडी सुट्टी होती, त्यामुळे दुपारी गल्लीत शांतता होती. उधन्यात अशी शांतता आठवड्यातून एकदाच मिळते. मी जमिनीवर चादर पसरली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकलो तसा बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. माणसं घाईत नेमकं हेच करतात. सगळ्या वायरी उपसतात, परत खोचतात, आणि चाललं तर देवाचे आभार मानतात.

गिटार डब्याशिवाय सरळ टेपरेकॉर्डरला जोडली. आवाज स्वच्छ. म्हणजे गिटार आणि तिची वायर निर्दोष. डबा मधे आणला, चर्रर आली. अडॅप्टर बदलून बघितला, शेजारून मागून आणला होता, तरी चर्रर. टेपरेकॉर्डर काढून डब्याला हेडफोन लावला, तरी तीच. सगळे इफेक्ट बंद करून नुसता सूर आत-बाहेर जाऊ दिला, तरी तीच. म्हणजे आकड्यांचा दोष नव्हता. दादा शेजारी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. हेडफोन माझ्या कानावर होता.

मग मी डबा उचलून डोळ्यांजवळ धरला. बाहेर जाणाऱ्या वायरीची पिन भोकात पूर्ण बसली होती. आत येणाऱ्या वायरीच्या पिनेची मात्र धातूची बारीकशी कड बाहेर चमकत होती. नखाएवढीही नाही. दाबलं तरी आत जाईना. पिना बदलून बघितल्या. बाहेर जाणाऱ्या वायरीच्या भोकात दोन्ही पिना नीट बसत होत्या, आत येणाऱ्या वायरीच्या भोकात एकही नाही. वायर काढली, अडॅप्टर काढला आणि बॅटरीचा उजेड भोकात टाकला. तळाशी काहीतरी लाल दिसलं.

"रंग शे का?" दादा म्हणाला. घरात आम्ही अहिराणीतच बोलायचो, मी इथे त्यातलं थोडंच तसं ठेवलंय.

रंग नव्हता. खात्यातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात एक चपटा बारीक हुक असतो, फणीतून धागा ओढून घ्यायचा. दादाने तो काढला. मान वाकडी करून त्याने हुक आत घातला, जरा फिरवला आणि बाहेर आला तो कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा. पाठोपाठ आणखी एक, अर्धा तुटलेला.

आम्ही दोघांनी एकदम चुलीकडे बघितलं. माय भाकरी थापत होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. गावी विळा, कुदळ, जातं. सुरतेत आल्यावर मायने दादाचा हुक आणि कात्री, माझी कंपासपेटी, असं सगळं पाटावर मांडायला सुरुवात केली होती. त्या वर्षी डबा पहिल्यांदाच पाटावर आला होता. मी जाऊन तिला विचारलं, माय, डब्याच्या भोकात तांदूळ कुणी टाकले.

तिने मान वर केली नाही. "म्याच टाकात. जाताले वैरण टाकतस तशी टाकी."

मी म्हटलं, अगं ते जातं नाही.

"वायर जठून आत जास ते तोंडच ना त्यानं? सणना दिन त्याले उपाशी ठेवानं व्हतं का?"

दादा हसायला लागला. मला आधी राग आला, मग मीही हसलो. तिचं काही चुकलं होतं असं मला आजही म्हणवत नाही. जातं असो की डबा, जे कमावून आणतं त्याच्या तोंडात सणाला काहीतरी पडायला हवं, ही तिची रीत. डब्याचं तोंड कुठलं, हेही तिने बरोबर ओळखलं होतं. फक्त त्या तोंडातून पोटात काही जात नव्हतं, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला बसवून भोकं दाखवली, पिन कुठे टेकते ते दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग पुढच्या वर्षी वरून हळद-कुंकू वाहीन, पण दाणे शेजारी ठेवीन, त्याला दिसतील असे.

मी भोक कोरड्या कापसाने पुसलं, वायर जोडली. पिन टक्कन बसली. हेडफोनमधून सूर आला, धुतल्यासारखा. माझं काम झालं होतं आणि मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. बीएस्सी कामाला आली. चाळभर सांगायला मी उठलोसुद्धा.

"बस खाली," दादा म्हणाला.

तो अख्खा दाणा त्याने उचलून ठेवला होता. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला की आता तू वाजव, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. कधी दाणा आत टाकून वाजव, कधी काढून. मला सांगू नको. मी सांगेन आत आहे की नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्याने दुपारभर बघितलं होतं. गिटार बदलली, वायर बदलली, अडॅप्टर बदलला. आता राहिला होता तो ऐकणारा.

मी नको म्हणालो. बिघाड सापडलाय, कशाला हवंय हे, असं काहीबाही बोललो. त्याने हेडफोन चढवला आणि पाठ फिरवली.

मी वाजवलं. दर वेळी तेवढाच आवाज, तीच तार, त्याच जोराने. काही वेळा तो बरोबर होता. बऱ्याच वेळा नव्हता. दाणा आत असताना तो "स्वच्छ" म्हणायचा आणि स्वच्छ असताना शंका काढायचा. चर्रर मोठी झाली की त्याला कळत होती. जी बारीक होती, जी मला मैदानाच्या मागच्या टोकाला ऐकू आली होती, ती त्याच्यासाठी नव्हतीच. शेवटी त्याने हेडफोन काढून विचारलं, "नवमीले तुले किती लांब ऐकू उनी?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याने मला शिकवलं ते खोटं ऐकायला नव्हे. "मागे, गेटजवळ," मी म्हणालो.

त्याने डबा कपड्यात गुंडाळला. मायने भाकरी खायला हाक मारली, तेव्हा तो उठून जेवायला बसला आणि नेहमीसारखा जेवला.

चंदनी पडव्याला त्याने छान वाजवलं. डब्याने कुरकुर केली नाही. सोसायटीतल्या बायकांनी आम्हाला घारी दिली, तुपाने हात माखले. मालक खुशीत जवळ आला आणि दादाने त्याला जे सांगितलं त्याचा मला धक्काच बसला. म्हणाला, "शेठ, पेटी साजी थई गई. पण कान पण थोडा गया छे. जोईने जगा आपजो." म्हणजे, नीट बघूनच जागा द्या.

मालक म्हणाला की लग्नसराई काढू, मग ठरवू. ना हो, ना नाही. मला वाटलं, दादाने हातची जागा घालवली. परतीच्या वाटेवर मी तसं बोललोही. तो गिटार खांद्यावर घेऊन चालत होता. म्हणाला, लपवलं असतं तर जागा मिळाली असती, पण उद्या कुठे चुकलो तर कुणी सांगितलं नसतं आणि मला कळलंही नसतं.

पुढच्याच आठवड्यात त्याने खातं सोडलं. माय घाबरली. जागा पक्की होऊ दे, मग सोड, असं तिचं म्हणणं होतं, आणि आतून माझंही. दादा तिला म्हणाला, "जागा पक्की व्हवालगून थांबू, तं वाजाडाले काय उरी?" त्याने कापड मार्केटात घडी घालायचं काम धरलं. पगार कमी, पण तिथे माणसं तोंडाने बोलत होती.

कान परत येत नाहीत, हे मी तेव्हाच वाचून ठेवलं होतं. उरलेले जपता येतात. खातं सोडल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला तो दुपारी डबा घेऊन बसला, टेपरेकॉर्डरला जोडून. मी दारात पेपर वाचत होतो. त्याने सनईचा आकडा लावला आणि वरचे सूर त्याला आवडतील एवढे उचलले. मला ते टोचले.

"तीखं व्हयनं का?" त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं.

"हो. थोडं खाली घे."

त्याने बटण फिरवलं. "आते?"

"अजून थोडं."

त्याला आता ते बहुधा मुळीच ऐकू येत नसणार. तरी त्याने आणखी थोडं खाली घेतलं आणि वाजवायला लागला.