उप्सालाच्या बाईंचा निबंध

बेचाळीसच्या पावसाळ्यात नगरच्या किल्ल्यात काही माणसांना आणून ठेवलं. कोणाला, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी उघड बोलत नव्हतं. खंदकाजवळून जाताना टांगेवाले घोड्याला उगीच हाकायचे, तेवढा रस्ता लवकर सरावा म्हणून. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. भिंगारला लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत शिकवत होतो. आमचे अब्बा छावणीसाठी कपडे शिवायचे. घरात जिकडे बघावं तिकडे खाकी कापडाचे तागे. चहालासुद्धा त्या कापडाचा वास यायचा.

शाळा सुटली की मी एका परदेशी नर्सबाईंना मराठी शिकवायला जायचो. नगर आणि भिंगारच्या मधे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. लोक त्यांना 'गोरी बाई' म्हणत आणि इंग्रज समजत. त्या स्वीडनच्या होत्या. वय चाळिशीच्या पुढे, हात मजुरासारखे रखरखीत. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, तरी मला 'गुरुजी' म्हणत, आणि मी आलो की उठून उभ्या राहत. पहिल्या दिवशी मला इतका संकोच वाटला की धडा कुठून सुरू करायचा तेच विसरलो.

मराठीतली लिंगं त्यांना कधी जमली नाहीत. भिंत पुल्लिंगी, दरवाजा नपुंसकलिंगी, असा कारभार. म्हणून मी त्यांना निबंध लिहायला सांगितला. विषय दिला, 'माझे गाव'. चार दिवसांनी त्यांनी वहीची तीन पानं भरून आणली.

त्यांच्या गावाचं नाव उप्साला. मधून एक लहान नदी वाहते, टेकडीवर गुलाबी रंगाचा वाडा आहे, देवळाला दोन उंच मनोरे आहेत. गावात फार जुनं विद्यापीठ. वसंत आला की विद्यार्थी पांढऱ्या टोप्या घालून रस्त्यावर येतात. त्यांचे वडील त्या विद्यापीठासाठी पुस्तकं बांधायचे. हे सगळं दीड पानात होतं. पुढच्या पानांवर त्यांनी लिहिलं होतं की या गावाशी नातं असलेल्या दोघांना जगातलं शांततेचं पारितोषिक मिळालं आहे.

मी म्हणालो, "शांततेचं पारितोषिक? ते कशासाठी देतात?"

"भांडण थांबवण्यासाठी," त्या म्हणाल्या. "एक माणूस आमच्या गावात तारे शिकला. मग तो देशाचा मुख्य प्रधान झाला. दुसरा आमच्या देवळाचा मोठा धर्मगुरू. मागचा लढाई संपला, तेव्हा त्याने सगळ्या देशांचे धर्मगुरू एका जागी बसवले. इंग्रज, फ्रेंच, जर्मन. सगळे."

"संपली," मी म्हणालो. "लढाई संपली."

"लढाई संपली," त्यांनी लिहून घेतलं.

लहानपणी वडिलांनी बांधलेली पुस्तकं पोचवायला त्या या धर्मगुरूंच्या घरी जायच्या. त्यांचा एक फोटो दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी टांगलेला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच गावात वाढलेल्या तिसऱ्या माणसालाही ते पारितोषिक मिळालं, पण तोवर तो विमान कोसळून गेलेला होता. ती बातमी मी पेपरात वाचली तेव्हा बाईही हयात नव्हत्या.

दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ शाळेच्या फाटकाशी भेटले. साधं धोतर, काळा कोट, हातात सायकल. माझ्याबरोबर चालू लागले. आवाज मवाळ होता.

"मास्तर, त्या बाईंकडे रोज जाता म्हणे."

"मराठी शिकवतो, साहेब." ते पोलिसांचे साहेब आहेत हे मला कोणी सांगायला नको होतं.

"चांगलं आहे. त्यांना पत्रं येतात. परदेशी भाषेतली. आमच्याकडे ती वाचणारं कोणी नाही. जर्मनसारखी दिसतात." थोडं चालून ते म्हणाले, "दर गुरुवारी एक कागद लिहून द्यायचा. कोण येतं, बाई काय बोलतात. एवढंच."

त्यांनी सायकलची घंटी अंगठ्याने पुसली.

"अब्बांचं काम बरं चाललंय ना? छावणीचं काम म्हणजे विश्वासाचं काम."

घरी मी काही बोललो नाही. अब्बा ओठांत टाचण्या धरून बाह्या जोडत होते. त्यांच्याकडे बघवेना. गुरुवारी मी पहिला कागद लिहिला. पाथर्डीकडून खडी फोडायला आलेली एक बाई तिच्या मुलीला घेऊन येते, मुलीचा डोळा लाल झालेला आहे, नर्सबाई रोज औषध घालतात. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, त्यांना बाजरीची भाकरी आवडते. साहेब कागद वाचायचे, घडी करायचे आणि म्हणायचे, "अजून बघा."

महिनाभर असं चाललं. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली आता एक अनोळखी माणूस बसलेला असायचा. रोगी कमी झाले. दररोज येणारी कासाराची म्हातारी यायची थांबली. बाई एकदा खिडकीतून बघत म्हणाल्या, "गुरुजी, तो माणूस आजारी नाही. मग तो का येतो?" मी म्हणालो, सावलीला बसत असेल. हे खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मग मला वाटलं, एकदाचं हे संपवावं. बाई किती निर्मळ आहेत हे त्यांच्याच शब्दांत दाखवलं तर साहेबांचा संशय जाईल. मी वही तपासायला म्हणून घरी नेली होती. निबंधाची तीन पानं अलगद फाडली आणि गुरुवारी कागदाऐवजी तीच दिली.

साहेबांनी ती उभ्याउभ्या वाचली. मग परत वाचली. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "जर्मन धर्मगुरू."

"साहेब, ती मागच्या लढाईनंतरची गोष्ट आहे. भांडण मिटवण्यासाठी..."

"आत्ता लढाई चालू असताना भांडण मिटवा म्हणणारा माणूस कोणाच्या बाजूचा असतो, मास्तर?" आवाज तसाच मवाळ. "किल्ल्यात बसलेत ते पुढारी तरी वेगळं काय म्हणतात? तुम्ही चांगलं काम केलंत."

पुढच्या सोमवारी मी गेलो तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर शिपाई उभा होता. आत कपाटातल्या बाटल्या जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. पत्रांचा गठ्ठा, धर्मगुरूंचा फोटो, एक शब्दकोश आणि मराठीची वही असं सगळं पोत्यात भरून नेलं. वही पोत्यात टाकण्याआधी शिपायाने ती उघडून बघितली, आणि फाडलेल्या पानांच्या उरलेल्या कडा बाईंना दिसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शिपाई गेल्यावर मी सांगितलं. सगळं सांगितलं, अब्बांचं कामही. त्या बाकावर बसून ऐकत होत्या. मग विचारलं, "पानं देण्याआधी तुम्ही माझ्या चुका सुधारल्या होत्या?"

"व्हय," माझ्या तोंडून रस्त्यावरची भाषा निघाली. "सुधारल्या होत्या."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. त्यांना तेव्हा काय वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या उठल्या आणि बाटल्या पुसून कपाटात लावू लागल्या. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "नको. याचा क्रम मला माहीत आहे."

आठ दिवसांत जिल्हा सोडायचा हुकूम आला. त्यांना दक्षिणेत कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी पाठवलं. स्टेशनवर सोडायला गेलेला मी एकटाच होतो, आणि लिंबाखालचा तो माणूस.

दवाखान्याला कुलूप लागल्यावर चौथ्या दिवशी खडी फोडणारी ती बाई मला तिथल्या बंद दारात भेटली. कडेवर मुलगी. मुलीच्या डोळ्यावर पदराची चिंधी बांधलेली.

"मास्तर, बाई कुठं गेल्या? चार दिस झालं, औषध न्हाई. पोरगी लई रडती."

"बाई आता येणार नाहीत."

"का वं? काय झालं त्यास्नी?"

मी टांगा करून दोघींना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिंधी सोडली, मुलीची मान प्रकाशाकडे वळवली आणि आईला बाहेर थांबायला सांगितलं. दुसरा डोळा वाचला. दुखरा गेला. आईने मला दोष दिला नाही. तिला माहीतच नव्हतं, आणि मी तिला कधी सांगितलं नाही.

लढाई संपल्यावर बाईंचं पत्र आलं, उप्सालाहून, देवनागरीत. अक्षर सुंदर, लिंगं चुकलेली. तिथे त्या म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात काम करत होत्या. त्यांनी त्या मुलीची चौकशी केली होती. मी तीनदा उत्तर लिहायला बसलो. शेवटी खरं ते लिहिलं. त्यावर त्यांचं काही आलं नाही. पत्र पोचलं नसेल, असं मी काही वर्षं स्वतःला समजावलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या हद्दीवर गडबड वाढली. पाथर्डीच्या पलीकडून रोज काहीतरी कानावर यायचं, आणि आमच्या गल्लीत माणसं दारं लवकर लावून घेऊ लागली. राज्य आता आपलं होतं. एक दिवस तेच साहेब शाळेत आले. केस पिकले होते, डोक्यावर पांढरी टोपी होती.

"मास्तर, तुमच्या मोहल्ल्यात सरहद्दीपलीकडचे पाहुणे येतात म्हणे. कोण येतं, काय बोलतात, दर गुरुवारी..."

"मी लिहिणार नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलवली, रागावले नाहीत. पंधरा दिवसांनी माझी बदली झाली, श्रीगोंद्याकडे काष्टीला. अब्बांचं छावणीचं काम त्याच महिन्यात बंद झालं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी त्यांना सहा वर्षांपूर्वीपासूनचं सगळं सांगितलं. ते मशीनवरून न उठता ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी दुसऱ्यांचे कपडे शिवले असते."

आम्ही सामान बैलगाडीत भरलं आणि काष्टीला गेलो.