धर गं माय, धर

वहिनींचा फोन आला तेव्हा मागून दादाची हाक ऐकू येत होती. "येऽऽ हुर्रऽऽ येऽऽ..." "सुमनबाई, तुमचे दादा गेले वो," असं वहिनी म्हणत होत्या आणि मागं दादा मेंढ्यांना बोलवत होता. सगळं विसरून मी खेकसलेच त्यांच्यावर, "काय बोलायलाव वहिनी? त्यो काय मागं हाका मारायलाय!" त्या रडत म्हणाल्या, "त्यो स्पीकरचा डबा हाय वो बाई. मेंढ्या माळावर टाकून कशी येऊ मी?" दादा घरी बाजेवर गेला होता, आणि निरोप मिळताच वहिनी त्याच्याच आवाजानं कळप वळवत घराकडे निघाल्या होत्या.

मारोतीदादा माझा थोरला भाऊ. बोरीजवळच्या आमच्या खेड्यात मेंढ्या राखायचा. गळ्यात दोरीला बांधलेला बारका म्युझिक प्लेयर, कानात वायरी, असा दिवसभर माळावर. घशातली गाठ वाईट निघाली, आवाजाची पेटीच काढावी लागणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानं प्लेयरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून स्वतःची हाक भरून घेतली आणि तडक परभणीला माझ्या घरी आला. ती हाक कॉम्प्युटरमधून कार्डावर घ्यायची, कार्ड स्पीकरच्या डब्यात घालायचं. "माझ्या हाकेबिगर मेंढ्या वळत न्हाईत सुमे. तुझी वहिनी वरडून मरंल."

झालं! कॉम्प्युटर काही तो प्लेयर दाखवेना. वायर काढून घातली, सगळं बंद करून चालू केलं. टिंग वाजायचं आणि लगेच गायब. मग पडद्यावर पाटी आली, फॉर्मॅट करायचं का? दुकानवाल्याला फोन लावला तर म्हणे, "हो म्हणा, मारून टाका फॉर्मॅट." असं झापलं मी त्याला! दादानं विचारलं, "फॉर्मॅट म्हंजी काय गं?" "आतलं सगळं पुसून कोरं करायचं." त्यानं गळ्याला हात लावला. "म्हंजी डॉक्टर बी तेच करायलेत की..." आणि हसला. मला नाही हसू आलं. "गप रे दादा, कायबी बोलू नको," म्हणून ओरडले.

"धरंना व्हय?" तो म्हणाला. व्यालेली मेंढी कधीकधी आपलंच पिलू जवळ घेत नाही, त्याला आमच्यात 'धरंना' म्हणतात. मग तिला दाबून धरायचं, पिलू कासेला लावायचं आणि ती निवेस्तोवर बसून राहायचं. दादा फरशीवर बसला, कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत वायर घातली, अंगठ्यानं दाबली आणि पुटपुटायला लागला, "धर गं माय, धर..." आणि धरलं की हो! मी खुर्चीवरून फाईल कार्डावर टाकली. तोवर तो जरासुद्धा हलला नाही. "सोडू का गं?" "थांब." "आता?" "सोड, झालं." त्यानंतर त्याच्या तोंडून मी काही ऐकलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं.

बरा होऊन तो पहिल्यांदा माळावर गेला तेव्हा मी सोबत होते. वहिनींनी डबा लावला. कळप उधळत आला. दादा हात पसरून वाटेतच उभा राहिला... मेंढ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या आणि डब्याभोवती जमल्या. त्याच्या हातची भाकर खाणारी म्हातारी मेंढीसुद्धा थांबली नाही. वहिनींनी घाबरून डबा बंद केला, तर त्यानं हातानं खूण केली, लाव, लाव. पुन्हा काही तो कळपाकडे फिरकला नाही. माझा भाऊ तिथंच गेला, असं मी म्हणते. पुढं नुसतं अंग झिजत राहिलं.

दादाचे दिवस झाल्यावर वहिनींनी प्लेयर माझ्या हातात ठेवला. "डबा खरखर करायलाय, हाक तुटायली. मेंढ्या वळंनात. नवं कार्ड भरून द्या तेवढं." परवा दुपारी कॉम्प्युटरला लावला. पुन्हा तीच पाटी, फॉर्मॅट करायचं का? नाही म्हणाले. फरशीवर बसले, मागच्या खाचेत वायर घातली, अंगठ्यानं दाबली आणि माझ्याच तोंडून निघालं, धर गं माय...

टिंग झालं. पण खाली बसून पडदा दिसत नाही, माऊसपर्यंत हात पोचत नाही. त्या दिवशी वर खुर्चीत मी होते. "सोडू का?" असं मी विचारलंसुद्धा... घरात कुणी नव्हतं. मी तशीच अंगठा दाबून बसून राहिले.