खुर्चीची खालची बाजू

नव्या सुनेने जे ऐकू नये तेच तिने आल्या आल्या ऐकलं. हातात पाण्याची बादली होती आणि आतल्या खोलीत मायलेकांची चांगलीच जुंपली होती.

"नवी सून दुकानात बसवणार? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. बसायला खुर्ची लागली की येतील आपल्याच दारात."

"इतके दिवस तुझा थोरला भाऊ बसत होता ना?"

"दादा गेला कारखान्यात. आता पलीकडे कोण बसणार? तू बसतेस?"

"माझी कंबर मोडायची रे!"

"मग तिला विचारू."

"बायकोला विचारतात का कधी? तुझ्या बापाने विचारलं होतं मला?"

"नाही विचारलं, म्हणून तर बाबा जन्मभर ऐकून घेत बसले."

सुनेला हसू आवरेना. तिने बादली खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि दारात येऊन उभी राहिली. "कुठे बसायचं ते दाखवा," एवढंच म्हणाली. सासूबाईंचा जो आ वासला, तो जेवायच्या वेळेपर्यंत काही मिटला नाही.

नवरा वेताच्या खुर्च्या विणायचा. सगळी गल्ली त्याला वेतवाला म्हणायची, मग ही आपोआप वेतवाली झाली. काम असं, की खुर्ची बाकावर आडवी ठेवायची. बसायच्या बाजूला तो, खालच्या बाजूला ती. त्याने भिजवलेल्या वेताची पट्टी चौकटीच्या भोकातून आत सारायची, तिने ती ताणून धरायची आणि शेजारच्या भोकातून परत पाठवायची. एकटा माणूसही करतो हे काम, नाही असं नाही, पण त्याला दुप्पट वेळ लागतो आणि बोलायला कोणी नसतं.

बोलायला हे दोघं कधी कमी पडले नाहीत. मुलांची नावं त्या बाकावर ठरली, थोरल्याची शाळा तिथेच ठरली, धाकटीचं लग्न तिथेच जमलं. भांडणंही तिथेच. ती रुसली की पट्टी ओढून घ्यायची आणि परत पाठवायचीच नाही. तो भोकाला डोळा लावून म्हणायचा, "अगं, वेत वाळतोय. माझ्यावर राग आहे की वेतावर?" वाळलेला वेत ताणला की चिरतो. म्हणून त्यांचं कुठलंही भांडण वेत वाळेपर्यंतच चालायचं. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. ही म्हणायची, नशीब कसलं, ओला वेत आहे.

मग वेतवाल्याचे डोळे गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. डॉक्टरांनी हात टेकले. तो बाकाजवळ येऊन बसायचा, पट्टी हातात घ्यायचा आणि भोक चुकलं की खाली ठेवायचा. ओरडायचा नाही, कुरकुरायचा नाही. तेच तिला सहन होईना. जो माणूस सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवायचा, तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

थोरला आला. "आई, बास झालं आता. दुकानाला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. बाबांनी आराम करायचा."

"बाबांनी आराम केला की बाबा संपले," ती म्हणाली.

"अगं, पण दिसत नाही त्यांना!"

"मला दिसतंय ना?"

वेतवाला कोपऱ्यातून म्हणाला, "जाऊ या गं. कशाला ओढत बसायचं?"

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "उठा आणि खालच्या बाजूला बसा. वरून मी विणते."

थोरला हसला. वेतवाला मात्र हसला नाही. जन्मभर वर बसलेला माणूस तो. पण तिने एकदा कंबर कसली की तिच्या सासूचंही काही चाललेलं नव्हतं, याचं काय चालणार! भिंतीला हात लावत लावत तो पलीकडे जाऊन बसला.

पहिली खुर्ची तिने झपाझपा विणली. उभ्या ओळी, आडव्या ओळी, मग तिरक्या. नक्षी तर तिच्या डोळ्यांत भिनलेली होती. झाल्यावर थोरल्याकडे बघून म्हणाली, "बघ. आता लाव कुलूप."

वेतवाल्याने उठून वरच्या बाजूवरून बोटं फिरवली. फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पोट धरून हसत सुटला.

"अगं ए! उलटी विणलीस!"

"उलटी कशी? डोळे मिटूनही चुकायची नाही मी."

"तिरकी पट्टी उभ्या ओळीवरून जाते, तू खालून घातलीस. जन्मभर खालून बघितलंस ना, तुला खुर्ची खालच्याच बाजूने पाठ आहे!"

ती खुर्चीकडे बघत राहिली. खरंच होतं. "नाहीतरी पायच वाकडे आहेत हिचे," ती पुटपुटली.

"पायांना नावं ठेवू नकोस."

थोरला म्हणाला, "कोणाला कळणार आहे? देऊन टाका तशीच."

"वेताला कळेल," वेतवाला म्हणाला. "अशी पट्टी कोपऱ्यात घासते आणि तुटते. सोड सगळ्या तिरक्या. पट्ट्या भिजवल्यास का नव्या? की आता रुसून बसणार आहेस?"

तिने पट्ट्या भिजवल्या. तो खाली बसला आणि तिकडून एकेक ओळ सांगत गेला, उभीवरून घे, आडवीखालून घे. आवाज पहिल्यासारखा चढा. संध्याकाळी थोरला कुलूप खिशात घालून निघून गेला. जाताना म्हणाला, "तुम्हा दोघांपुढे डोकं आपटून काय उपयोग!"

त्यानंतर कित्येक वर्षं दुकान चाललं.

आता तो नाही. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलले, काही सांगून गेले का? ती म्हणते, सांगायला त्यांना वेळ कुठे होता? न्हाव्याची खुर्ची पोचवायची होती.

त्या शेवटच्या दिवशी थंडी होती. थोरल्याने निरोप पाठवला होता, खुर्ची मी नेऊन देतो. वेतवाल्याने ऐकलं नाही. विणलेली खुर्ची विणणाऱ्यानेच पोचवायची, हा त्याचा नेम. खुर्ची त्याच्या खांद्यावर, खुर्चीचा एक पाय तिच्या हातात, अशी वरात गल्लीतून निघाली. "डावीकडे घ्या हो," ती म्हणाली. "खुर्चीचं डावं की माझं?" तो म्हणाला.

न्हाव्याच्या दुकानात त्याने खुर्ची आरशासमोर मांडली, चारी पाय हाताने चाचपून बघितले आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः अंग टाकून बसला. मागे रेलला, पुढे झुकला, जोरात एक हिसका दिला. करकरली नाही.

"कोणी विणली?" न्हाव्याने विचारलं.

"वरून हिने, खालून मी." मग पाणी मागितलं, सगळं प्यायला, उठला आणि खुर्चीवर थाप मारली.

"बसव आता कोणाला बसवायचंय ते."