अर्ध्या कोयत्याचं सर्वनाम

माजलगावच्या मोंढ्यात, भुसार दुकानाच्या वरच्या खोलीत मी स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवतो. पोरं वाक्यातली चूक शोधायला येतात आणि माझं डोकं उठवून जातात. असे किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, घरात तरी इंग्रजी नको.

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं, 'ईच ऑफ द बॉईज हॅव ब्रॉट देअर बुक्स.' म्हटलं, चूक सांगा. युसूफ वडगावचा दत्ता उठला. "सर, वाक्यच खोटं हाय. पुस्तक कुणीच आणलं न्हाई."

ईच म्हणजे एकेक, म्हणून हॅज आणि हिज, हे घसा बसेपर्यंत सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पुस्तक कुणीच आणलं नाही.

*

मग अर्थाचे प्रश्न आले. इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: 'पुढाऱ्याने शेतकऱ्याला सांगितले की त्याची गाडी चिखलात रुतली आहे.' म्हटलं, 'हिज' म्हणजे नक्की कुणाची गाडी ते कळत नाही, म्हणून वाक्य चूक.

"कळतंय की सर," दत्ता म्हणाला. "पुढाऱ्याचीच. शेतकऱ्याची रुतली तर पुढारी कशाला सांगत बसंल?"

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मी खडू ठेवला आणि चहा प्यायला खाली गेलो.

*

पण कहर रेखाचा. ऊसतोड्यांची लेक, पदवी झालेली, वर्गात सगळ्यात हुशार. बँकेची परीक्षा या खेपेला पास झाली नाही तर लग्न, असं घरून ठरलेलं. त्यामुळे तिची चूक झाली की मला जास्तच राग यायचा.

वाक्य नवरा-बायको गाव सोडून गेल्याचं होतं. 'देअर'च्या जागी 'हिज' छापलेलं. रेखा म्हणाली, "बरोबर हाय."

"अगं, माणसं दोन आहेत ना?"

"दोन हायत, सर. पण उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजत्यात. अन् मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं."

"पेपरात असं लिही, नापास होशील!" मी ओरडलो.

नेमके तेव्हाच तिचे वडील जिना चढून आले. ऊसतोडीला नेणारी मुकादमाची गाडी निघायची वेळ झालेली. दारातूनच म्हणाले, "नापास म्हणलात ना, सर? मग कशाला थांबायचं आमी? सोयरिकीचं पोरगं चांगलं हाय. बायकोबिगर एकट्याला अर्धाच कोयता मोजत्यात, म्हणून लग्नाची घाई करतंय."

रेखाने मान वर केली नाही. 'हिज' खोडून वर 'देअर' लिहिलं.

"आबा, त्याला दुसरं अर्धं बघ म्हणावं. मी आख्खी हाय."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, पुढचं वाक्य घ्या."