भिकनदादाची तारीख

लूमच्या कारखान्यात खाली पडलेलं सूत सकाळी झाडून काढलं, तरी संध्याकाळी पुन्हा तेवढंच साचतं. आमच्या फेलोशिपमधल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून होत नाही तोवर दुसरा पायात येतो. हसू येतं, पण झाडणाऱ्याची कंबर मोडते.

विषमतेविरुद्ध काम करणाऱ्यांना वर्षभर थोडं मानधन द्यायचं, अशी ती फेलोशिप. सुरतेत आम्ही तिघं होतो. पुण्याहून संशोधनासाठी आलेल्या अनघाताई, कतारगामचे म्हातारे कार्यकर्ते प्रेमजीभाई, आणि सातवीत शाळा सोडून लूमवर लागलेला मी. लिंबायतमध्ये पिठाच्या गिरणीच्या वर आमची खोली. सगळ्या कागदांवर पीठ!

*

माझी निवड कशी झाली, ते आधी सांगतो.

मुलाखतीला समोर चार मोठी माणसं. एकाने विचारलं, "विषमता म्हणजे तुमच्या मते काय?" मी गप्प. त्यांनी वाट पाहिली. मी तरी गप्प. शेवटी ते हळूच म्हणाले, "असू द्या, समजलं."

निवड झाली! अनघाताई नंतर म्हणाल्या, "तुमच्या त्या शांततेचा फार परिणाम झाला त्यांच्यावर."

मी समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे पाहत होतो. एक उचललं तर चालेल का, हे ठरत नव्हतं.

*

आमचं पहिलं काम भिकनदादाचं. हा धुळ्याकडचा, आमच्याच गल्लीतला. लूमच्या पट्ट्यात उजवा हात गेला, अंगठा तेवढा राहिला. सेठ म्हणाला, "हा माझा माणूसच नाही." लूमवर कोणाकडे कसला पुरावा असतो? लेबर ऑफिसातले साहेब म्हणाले, "तो तिथे कामाला होता एवढं सिद्ध करा, भरपाई मिळेल. नाहीतर केस बंद."

सोपं वाटलं. अख्खी गल्ली त्याला ओळखते!

अनघाताई घरोघर फिरल्या. भिकन? लई चांगला माणूस. भजनाला असतो. कामाला कुठे? ते काही माहीत नाही बुवा.

शेवटी त्याच्या शेजारच्या लूमवर कितीतरी वर्षं काढलेला माणूस सापडला. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "बाजूला उभा असायचा खरा. पण काम करायचा का नुसता उभा राहायचा, ते मी कशाला बघू, ताई?"

त्याच्या दोन पोरी शाळेत होत्या. ताईंनी पुढे विचारलं नाही.

*

प्रेमजीभाई म्हणाले, "एकेकटा माणूस घाबरे. मिटिंग करो!"

केली. कारखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात बाकडी मांडली. पाळी सुटली, माणसं बाहेर आली, दुकान दिसल्यावर पलीकडच्या बाजूने निघून गेली. ज्यांना रोज त्याच दुकानात चहा लागायचा, तेही!

एकच जण आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट. पुढच्या बाकड्यावर बसला. प्रेमजीभाई त्याच्या एकट्यासाठी तासभर बोलले. त्याने शेवटी टाळ्याही वाजवल्या.

तो गेल्यावर चहावाला म्हणाला, "काका, ए तो सेठनो भत्रीजो हतो."

सेठचा पुतण्या! प्रेमजीभाईंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "एक तर आव्यो ने!"

*

मग दिल्लीहून पाहणीला एक मॅडम आल्या, कॅमेरा घेऊन.

भिकनदादाचा लग्नानंतर फोटोच निघाला नव्हता. त्याने नवा निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसला.

मॅडम म्हणाल्या, "हात जरा वर. हाँ. और हँसिए मत, प्लीज."

दादाने मला विचारलं, "फोटू काढतस नं भो, मग हसानं का नहीं?"

काही महिन्यांनी अहवाल छापून आला. फोटो पूर्ण पानभर. चेहरा नाही, शर्ट नाही, नुसता हात.

दादाने तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. म्हणाला, "शर्ट तरी येऊ द्याले पाहिजे व्हता."

*

तारखा पडत राहिल्या. कधी साहेब रजेवर, कधी सेठचं पोट दुखतंय, कधी वकील गावाला. दर तारखेला दादा तोच निळा शर्ट घालून यायचा. बटणं वहिनी लावून द्यायच्या.

एकदा वहिनींनी मला विचारलं, "भाऊ, तुमची फेलोशिप कधी संपते?"

"मार्चमध्ये."

"आणि आमची केस?"

मी चहाचा कप उचलला. त्याच म्हणाल्या, "चला, तुम्ही तरी सुटाल!"

*

मार्चमध्येच शेवटची तारीख लागली. साहेबांनी सांगून टाकलं, "आज साक्षीदार नसेल तर मी बंद करतो." साक्षीदार नव्हता.

सेठ पंख्याखाली बसला होता, समोरच्या बाकावर भिकनदादा आणि आम्ही. साहेबांनी त्याला विचारलं, "ओळखता याला?"

"ना साहेब. हूं तो आने ओळखतोज नथी. आजे पहेली वार जोयो." आजच पहिल्यांदा पाहिलं म्हणे!

साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात खिडकीखाली लग्नाची वरात आली. बँड असा, की साहेबांचं बोलणं शेजारच्या कारकुनाला ऐकू येईना. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

लूमच्या खडखडाटातही असंच असतं, बोलून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या आपापल्या खुणा असतात. एकीकडची खूण दुसरीकडे चालत नाही. मला माझ्या कारखान्यातल्या येतात, तेवढ्याच.

उकाडा खूप होता. सेठने रुमालाने मान पुसली, आमच्याकडे पाहिलं आणि कानाची पाळी दोनदा ओढली. मला वाटलं, कान खाजतोय.

भिकनदादा उठला. कोपऱ्यातल्या माठाजवळ गेला. ग्लास उजव्या काखेत दाबून डाव्या हाताने त्यात पाणी ओतलं, आणि ग्लास सेठपुढे आणून धरला.

सेठ घटाघटा प्यायला.

वरात पुढे गेली. साहेबांचं पेन तसंच उघडं होतं. सेठच्या हातात रिकामा ग्लास होता, आणि तो परत घ्यायला भिकनदादा डावा हात पुढे करून उभा होता.